दुर्गभ्रमंतीच्या ग्रंथसंग्रहासाठी स्वतःची वर्गीकरण पद्धत कशी तयार करावी

ट्रेकिंग संस्थेच्या कपाटात किंवा एखाद्या गडप्रेमीच्या घरी दोनशेच्या वर पुस्तके जमली की लेखकाच्या नावाने लावलेली मांडणी निकामी होऊ लागते. शनिवारी रात्री निघायचे असलेला माणूस लेखकाचे नाव घेऊन येत नाही. ‘धोडपला जातोय, वाटेत अजून काय बघता येईल?’ किंवा ‘टाक्यांवर कुणी लिहिलंय का?’ असे तो विचारतो. या दोन प्रश्नांना फळीसमोर उभे राहून अर्ध्या मिनिटात उत्तर मिळावे, एवढीच वर्गीकरणाकडून अपेक्षा आहे.

सार्वजनिक ग्रंथालयांतली दशांश पद्धत इथे का पुरत नाही, ते आधी पाहू. मेल्विल ड्यूई यांची ही पद्धत १८७६ साली आली आणि ती सर्व ज्ञानशाखांसाठी आहे. तिच्यात तटबंदीशास्त्र ६२३.१ मध्ये, गिर्यारोहण ७९६.५२२ मध्ये, भारतातील प्रवास ९१५.४ मध्ये, भारताचा इतिहास ९५४ मध्ये आणि पक्षी ५९८ मध्ये जातात. म्हणजे राजगडावरची चार पुस्तके चार कपाटांत विखुरतात, कारण तिथे विषय आधी आणि जागा नंतर येते. दुर्गसंग्रहात जागा आधी यायला हवी. यासाठी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीतली (१९३३) एक कल्पना मात्र जरूर उचलावी. एका पुस्तकाला अनेक पैलू असतात. ते पैलू वेगवेगळे ओळखायचे, ठरलेल्या क्रमाने लिहायचे आणि त्यांच्यामध्ये विरामचिन्ह ठेवायचे. बाकी सारी पद्धत उचलायची गरज नाही.

पहिले काम: मोजणी आणि प्रश्न

वर्ग ठरवायच्या आधी कपाटातले दर दहावे पुस्तक बाहेर काढा. सहाशे पुस्तकांत साठ निघतील. प्रत्येकासाठी एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहा: कोणती जागा, कोणता विषय, कोणत्या स्वरूपात (पुस्तक, पुस्तिका, नकाशा, अंक, झेरॉक्स). सोबत दुसरी वही ठेवा आणि महिनाभर सभासद जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. तीसेक प्रश्न पुरे होतात. चिठ्ठ्या संग्रहात काय आहे ते सांगतात आणि प्रश्न लोकांना काय हवे ते सांगतात. वर्ग या दोन्हींच्या मेळातून ठरवायचे. ज्या विषयावर संग्रहात तीन पुस्तकेही नाहीत त्यासाठी वर्ग उघडू नका, तो विषय कितीही आवडीचा असला तरी. मोकळा वर्ग भरावा म्हणून दुसऱ्या वर्गातली पुस्तके ओढली जातात, आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते.

मुख्य वर्ग

पाचशे ते हजार पुस्तकांच्या संग्रहाला नऊ वर्ग पुरतात. त्यांच्यासाठी देवनागरी अक्षरे वापरावीत, कारण अक्षर ऐकताच वर्ग आठवतो:

अ – आधारग्रंथ: गॅझेटिअर, कोश, सूची
इ – इतिहास आणि त्याची साधने: बखरी, पत्रसंग्रह, चरित्रे, मोडीची पुस्तके
ग – गड, घाटवाटा आणि त्यांचे प्रदेश
च – चढाई: प्रस्तरारोहण, दोर, प्रथमोपचार, बचावकार्य
न – निसर्ग: वनस्पती, पक्षी, साप, भूशास्त्र
प – प्रवासवर्णन आणि ललित
ब – बांधकाम: दरवाजे, बुरूज, तटबंदी, पाण्याची टाकी
ल – लेणी, मंदिरे, वीरगळ, शिलालेख
ह – हिमालय आणि सह्याद्रीबाहेरचे डोंगर

अक्षरे निवडताना एक काळजी घ्यायची. पुस्तकाच्या कण्यावर हाताने लिहिलेले घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व दोन हातांवरून सारखेच दिसतात. जोडीतले एकच अक्षर वापरा. वरच्या यादीत ब आहे म्हणून व नाही. ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे पूर्ण टाळा. संगणकाच्या अक्षरसंचात ळ हे ल आणि व यांच्यामध्ये बसते, आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. त्यामुळे संगणकाची यादी आणि फळीवरचा क्रम जुळेनासा होतो.

‘ग’ वर्ग आणि जिल्ह्यांचा सापळा

अर्ध्याहून अधिक पुस्तके ‘ग’मध्येच येतील, म्हणून सगळा विचार इथे ओतायचा. पहिला मोह होतो जिल्हावार मांडणीचा. तो टाळा. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर झाला, आणि अलीकडे औरंगाबाद, उस्मानाबाद व अहमदनगर या जिल्ह्यांची नावे बदलली. प्रत्येक बदलाला लेबले खरवडावी लागतील. शिवाय रायगड आणि सिंधुदुर्ग हे शब्द आता जिल्ह्यालाही लागतात आणि किल्ल्यालाही, त्यामुळे यादीत शोधताना दोन्ही मिसळून येतात.

त्याहून मोठी अडचण अशी की सह्याद्रीची धार हीच जिल्ह्यांची हद्द आहे. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून चढले तर आपण नगरच्या बाजूने येतो, खिरेश्वरहून चढले तर पुण्याच्या आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने गेले तर ठाण्याच्या. गड एकच, कपाटे तीन. डोंगररांगा आणि नद्यांची खोरी मात्र हलत नाहीत, आणि ट्रेकचा बेतही माणूस रांगेनुसारच आखतो. म्हणून प्रदेश रांगांवरून पाडा, उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमांक द्या आणि दोन क्रमांकांमध्ये पाचाचे अंतर सोडा:

ग००  संपूर्ण महाराष्ट्र, अनेक प्रदेशांचे मिळून
ग१०  बागलाण: साल्हेर, मुल्हेर, सेलबारी-डोलबारी
ग१५  सातमाळा: अचला ते धोडप, राजदेहेर, चांदवड
ग२०  त्र्यंबक रांग: अंजनेरी, हरिहर, भास्करगड
ग२५  कळसूबाई-भंडारदरा: अलंग-मदन-कुलंग, पट्टा, रतनगड
ग३०  हरिश्चंद्रगड, माळशेज, नाणेघाट, जुन्नर
ग३५  राजमाची, पवन मावळ, कोरीगड
ग४०  उत्तर कोकणातले डोंगरी किल्ले: माहुली, प्रबळगड, कर्नाळा
ग४५  सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, रोहिडा
ग५०  रायगड, लिंगाणा आणि महाडचा परिसर
ग५५  जावळी-कोयना: प्रतापगड, मधुमकरंदगड, वासोटा
ग६०  सातारा-माण: अजिंक्यतारा, सज्जनगड, वर्धनगड
ग६५  पन्हाळा, विशाळगड, रांगणा, पारगड
ग७०  किनारा आणि जलदुर्ग, वसईपासून सिंधुदुर्गापर्यंत
ग७५  गोवा
ग८०  मराठवाडा, विदर्भ, खानदेश: देवगिरी, नळदुर्ग, गाविलगड
ग९०  राज्याबाहेर: जिंजी, वेल्लोर

पाचाचे अंतर उगीच सोडलेले नाही. पुढे नाशिकच्या किल्ल्यांवर पुस्तकांची भर पडली तर ग१५ मधून ग१७ काढता येतो आणि बाकी एकाही लेबलाला हात लावावा लागत नाही. तुमचा संग्रह कोकणाकडे झुकलेला असेल तर ग७० चे आधीच तीन भाग करा आणि ग८० एकच ठेवा. प्रदेश लहान-मोठे असले तरी चालतात, पुस्तके मात्र त्यांत साधारण सारखी वाटली गेली पाहिजेत.

ग७० ची व्याख्या काटेकोर लिहून ठेवा: ज्याच्या तटाला खारे पाणी लागते किंवा जो खाडीवर नजर ठेवण्यासाठी बांधला, तो इथे. मग कर्नाळा किनाऱ्यापासून फार लांब नसूनही ग४० मध्येच राहतो आणि त्यावर पुन्हा वाद होत नाही.

गडाची खूण आणि नावांची यादी

प्रदेशाखाली गडाची खूण द्यायची, ती म्हणजे नावाची पहिली दोन-तीन अक्षरे. राजगड ‘राज’, रोहिडा ‘रोहि’, तोरणा ‘तोर’. तिसऱ्या ओळीत लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे. पूर्ण वर्गांक तीन ओळींत असा बसतो:

ग४५
राज
कुल

राजमाचीची खूणही ‘राज’च होते, पण तिचा प्रदेश ग३५ असल्याने टक्कर होत नाही. खरी टक्कर भैरवगडांची आहे. मोरोशी, कोथळे, शिरपुंजे, हेळवाक अशा अनेक गावांजवळ या नावाचे किल्ले आहेत, आणि त्यांतले कोथळे व शिरपुंजे तर एकाच प्रदेशात येतात. अशा वेळी खुणेत गावाचे अक्षर घ्या: ‘भैको’, ‘भैशि’. नोंदवहीत नुसते ‘भैरवगड’ कधीच लिहू नका.

यासाठी नामसूची हवी. प्रत्येक गडाचे एकच नाव प्रमाण मानायचे आणि बाकीच्या नावांपुढे ‘पाहा’ लिहायचे. कोंढाणा, पाहा सिंहगड. प्रचंडगड, पाहा तोरणा. मुरुंबदेव, पाहा राजगड. खेळणा, पाहा विशाळगड. व्याघ्रगड, पाहा वासोटा. घेरिया, पाहा विजयदुर्ग. मुरंजन, पाहा प्रबळगड. बखरी आणि इंग्रजी कागदपत्रांत जुनीच नावे येतात, त्यामुळे इतिहास वाचणाऱ्याला ही यादी दर आठवड्याला लागते. ती छापून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. वर्गीकरणाच्या सगळ्या कामात सर्वाधिक वापर हिचाच होतो.

घाटवाटांचा प्रश्न वेगळा आहे. घाटवाट कोकण आणि देश जोडते, म्हणजे ती दोन प्रदेशांत पडते. नियम एकच ठेवा: वाट जिथे घाटमाथ्यावर पोहोचते तो प्रदेश तिचा. खूण ‘वाट’. त्यामुळे नाणेघाटावरचे पुस्तक ‘ग३० वाट’ होते आणि जीवधन, चावंड, हडसर यांच्या शेजारी बसते. फिरणाऱ्यालाही ते तिथेच हवे असते.

पुस्तक कुठे जाणार: निर्णयाचे नियम

हे नियम वरून खाली वाचायचे आणि जो पहिला लागू पडेल तिथे थांबायचे.

१. पुस्तकातून जागेची नावे काढली तर ते निरुपयोगी होते का? होत असेल तर ‘ग’, आणि ‘ग’मधली नेमकी जागा पुढच्या तीन नियमांवरून. दोर बांधण्याच्या गाठींवरच्या पुस्तकाला जागेची गरज नाही, ते ‘च’मध्ये.
२. एकाच गडावर असेल तर प्रदेश आणि गडाची खूण.
३. एकाच प्रदेशातल्या दोन किंवा अधिक गडांवर असेल तर प्रदेश, आणि खुणेच्या जागी आडवी रेघ. रेघवाली पुस्तके प्रदेशाच्या सुरुवातीला लागतात.
४. प्रदेश दोनच असतील आणि निम्म्याहून अधिक पाने एकाची असतील तर तो प्रदेश. नाहीतर ग००.
५. व्यक्ती केंद्रस्थानी असेल तर ‘इ’, गडावरचे प्रसंग कितीही असोत.
६. लेखकाचा अनुभव हेच मुख्य आणि वाटेची माहिती त्रोटक असेल तर ‘प’.

२०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांवरची पुस्तके ही नियम चौथ्याची चांगली परीक्षा आहे. साल्हेरपासून जिंजीपर्यंत पसरलेले बारा किल्ले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि एक तमिळनाडूत. असे पुस्तक निःसंशय ग०० मध्ये. जिंजी आहे म्हणून ते ग९० मध्ये नेऊ नका.

राजगडाच्या बांधकामावरचे पुस्तक नियम दोनप्रमाणे ‘ग४५ राज’ला जाते. मग ‘ब’ वर्ग चाळणाऱ्याला ते दिसणार कसे? इथे द्विबिंदूचा उपयोग होतो. कण्यावर फक्त ग४५, पण नोंदवहीत ‘ग४५:ब’ लिहायचे. नोंदवहीत ‘:ब’ शोधले की बांधकामावरची सगळी पुस्तके मिळतात, ती कुठल्याही फळीवर असोत. द्विबिंदूनंतर फार तर दोन अक्षरे लिहा. चार-चार विषय जोडले की सगळेच सगळ्यात सापडू लागते आणि शोधण्यात अर्थ उरत नाही.

नियम कितीही केले तरी काही पुस्तके हद्दीवर अडतातच. रायरेश्वर आणि केंजळगड भोर व वाई यांच्या मधल्या धारेवर आहेत, ग४५ म्हणा की ग६०, दोन्ही बाजूंनी बोलता येते. अशा वेळी चर्चा लांबवू नका. एक निर्णय घ्या आणि तो निर्णयवहीत तारखेसह एका ओळीत लिहा: ‘रायरेश्वर, केंजळगड: ग४५. कारण बहुतेक पुस्तकांत ते रोहिड्यासोबत येतात.’ कपाट सांभाळणारा माणूस बदलला की ही वहीच पद्धत टिकवते. ती नसेल तर नवा माणूस त्याच गडाचे पुढचे पुस्तक दुसरीकडे लावतो आणि दोन वर्षांत एकाच गडाची पुस्तके दोन ठिकाणी होतात.

ज्यांना आधीच क्रमांक आहे त्यांना नवा देऊ नका

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांना प्रदेश क्रमांक देण्याचा प्रयत्न बरेच जण करतात आणि फसतात. १:५०,००० प्रमाणाचा एक नकाशा पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढा भाग दाखवतो, तो आपल्या रांगांप्रमाणे कापलेला नसतो. त्याचा स्वतःचा क्रमांक मात्र उत्तम आहे. ४७ हा मोठा चौकोन १६ ते २० अंश उत्तर आणि ७२ ते ७६ अंश पूर्व असा आहे, त्यात ए ते पी असे एक-एक अंशाचे सोळा भाग, आणि प्रत्येकाचे पुन्हा सोळा. पुणे शहर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ मध्ये येते. साल्हेर वीस अंशांच्या उत्तरेला असल्याने तो ४६ एच मध्ये जातो. नकाशे याच क्रमाने सपाट खणात ठेवा आणि भिंतीवर एक चौकटींचा तक्ता लावून हाताशी असलेले चौकोन रंगवा. नव्या मालिकेच्या नकाशांवर ई४३, एफ४३ असे वेगळे क्रमांक असतात. त्यांचा खण वेगळा करा, जुन्यांत मिसळू नका.

मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचेही तसेच आहे. त्याचे खंड त्या काळच्या जिल्ह्यांप्रमाणे आहेत, ते खंड क्रमांकानेच ‘अ’मध्ये ठेवा. सोबत पानभर तक्ता मात्र करा, कारण सिंधुदुर्ग किल्ला शोधणाऱ्याला तो रत्नागिरी-सावंतवाडीच्या दहाव्या खंडात (१८८०) आहे आणि वसई-अर्नाळा ठाण्याच्या चौदाव्यात (१८८२) आहेत हे आपसूक कळत नाही. रायगडासाठी कुलाबा-जंजिऱ्याचा अकरावा (१८८३), शिवनेरीसाठी पुण्याचा अठरावा (१८८५).

दिवाळी अंक आणि संस्थांची वार्षिके वर्षानुसार खोक्यांत ठेवा. त्यांतला एकेक लेख नोंदवहीत स्वतंत्र ओळीवर घ्या, गडाच्या नावासह. अंक ‘ग’मध्ये खोचला की त्यातले बाकीचे लेख हरवतात.

नोंदवही

संगणकावरच्या तक्त्यात इतके रकाने पुरतात: दाखल क्रमांक, वर्गांक, शीर्षक, लेखक, प्रकाशन वर्ष, आवृत्ती, गडांची नावे, स्वरूप, नकाशे आहेत का, अवस्था. दाखल क्रमांक आणि वर्गांक यांची गल्लत करू नका. दाखल क्रमांक पुस्तक आले त्या क्रमाने एकदाच मिळतो आणि कधीच बदलत नाही. वर्गांक बदलू शकतो. देवघेवीची नोंद दाखल क्रमांकावरच करा, म्हणजे उद्या ग१५ मधून ग१७ काढला तरी कुणाकडे कोणते पुस्तक आहे ते बिघडत नाही.

तक्त्यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. वर्गांकाचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवला नाही तर एकट्या ‘००’चे ‘०’ होते आणि ‘१०-१२’सारख्या नोंदीची तारीख होते. काहींनी देवनागरी आकडे आणि काहींनी रोमन आकडे टंकले तर शोधात अर्धीच पुस्तके येतात, म्हणून आकड्यांची लिपी पहिल्याच दिवशी ठरवा. आणि हरिश्चंद्रगड, हरिश्चन्द्रगड, हरिश्चंद्रगढ ही तीन लेखने संगणकाला तीन गड वाटतात. गडाचे नाव टंकू देऊ नका, नामसूचीवरून केलेल्या यादीतून निवडायला लावा.

चाचणी, मगच लेबले

लेबल चिकटवण्याआधी चाळीस पुस्तके निवडा, त्यांत मुद्दाम दहा अवघड घ्या. दोघांनी एकमेकांना न विचारता वर्गांक द्यावेत. पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी फरक पडला तर दोष वाचणाऱ्यांचा नाही, नियमाचा शब्द ढिला आहे. तो दुरुस्त करून नव्या चाळीस पुस्तकांवर पुन्हा करा. त्याच पुस्तकांवर केलेल्या दुसऱ्या चाचणीत पहिली उत्तरे आठवतात. नियम स्थिरावल्यावर एक वाचणारा आणि एक टंकणारा अशी जोडी तासाला बारा-पंधरा पुस्तके उरकते. सहाशे पुस्तकांना चाळीस ते पन्नास तास धरा.

वर्गांक आधी शीर्षकपानाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, लेबल नंतर. लेबलाचा खालचा काठ पुस्तकाच्या तळापासून अडीच सेंटीमीटरवर यावा, सगळ्यांचा एका रेषेत. शाईफवारा छपाईची लेबले पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, ओल लागून फुटतात. लेझर छपाई किंवा न पसरणाऱ्या शाईचे पेन वापरा. त्यावर चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, कडा सोडते आणि निघताना कण्याची छपाई घेऊन जाते. जुन्या, ठिसूळ बांधणीच्या ग्रंथावर लेबलच नको: जाड पांढऱ्या कागदाची पट्टी आत ठेवून तिच्या वर आलेल्या टोकावर वर्गांक लिहा. कण्यावर काही लिहिता येणार नाही इतक्या बारीक पुस्तिकांचे लेबल मुखपृष्ठाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लावा आणि त्या प्रदेशवार उभ्या खोक्यांत ठेवा. मोठ्या पुस्तकांत खोचल्या की त्या मागे सरकतात आणि वर्षभर दिसत नाहीत.

९० सेंटीमीटरच्या फळीवर चाळीसेक पुस्तके मावत असतील तर सुरुवातीला तीसच लावा आणि प्रत्येक प्रदेशाच्या शेवटी जागा सोडा. फळ्या गच्च भरल्या की पहिल्या दहा नव्या पुस्तकांनाच सगळे कपाट सरकवावे लागते, मग लोक नवे पुस्तक आडवे टाकून मोकळे होतात.

दरवर्षी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, एक दिवस कपाट बंद ठेवून फळीवरचा क्रम नोंदवहीशी ताडा. कसर लागलेली पुस्तके त्याच दिवशी वेगळी काढा. ज्या प्रदेशात पुस्तके चाळीसच्या पुढे गेली असतील तो विभागा, ज्या वर्गात वर्षभरात कुणी हात घातला नाही तो शेजारच्यात मिळवा, आणि दोन्ही बदल निर्णयवहीत तारखेसह लिहा.